केनिया सफारीचे शेवटचे दोन दिवस: निघायच्या दिवशी काय ठेवावं आणि काय ठेवू नये

तुमचा बेत मला समजला तो असा. ऑगस्टमध्ये केनिया, आठ दिवस. आधी अंबोसेली, मग नाकुरू, नैवाशा आणि शेवटी तीन रात्री मसाई मारा. आठव्या दिवशी सकाळी मारात हॉट एअर बलून किंवा शेवटची गेम ड्राइव्ह (गाडीतून प्राणी बघायची फेरी), तिथून गाडीने थेट नैरोबी विमानतळ आणि संध्याकाळी सहाचं विमान. तुम्ही दोघं, बरोबर बहात्तर वर्षांच्या आई आणि अकरा वर्षांची लेक, असे चौघे. एजंट म्हणतो ‘आरामात होतं’, तुम्हाला धाकधूक आहे. शिवाय टीप, खरेदी आणि परत आल्यावरचं आरोग्य याबद्दल तुम्ही विचारलंय.

आरामात होत नाही. होतं, पण जीव टांगणीला लावून. मी अनेक वर्षं पुण्या-ठाण्याकडचे ग्रुप केनियाला नेतो. सहलीचा विचका झालेला पाहिलाय तो बहुतेक वेळा याच शेवटच्या दिवशी.

हिशोब मांडून बघा. सहाचं आंतरराष्ट्रीय विमान म्हणजे तीन वाजता काउंटरवर. माराच्या सेकेनानी गेटपासून नारोक, माई माहिउ, मग घाट चढून नैरोबी हा रस्ता पाच-सहा तासांचा. नारोकच्या बाजूचा रस्ता आता गेटच्या जवळपर्यंत डांबरी झालाय, त्यामुळे पूर्वीसारखी हाडं खिळखिळी होत नाहीत. पण माई माहिउच्या घाटात मालट्रकांची रांग लागली की ड्रायव्हरच्या हातात काही उरत नाही. विमानतळ शहराच्या पलीकडच्या टोकाला आहे. 2022 मध्ये सुरू झालेल्या एक्सप्रेसवेवर टोल भरला की शहरातली कोंडी बरीचशी टळते, मात्र तो जिथे सुरू होतो त्या वेस्टलँड्सपर्यंत तुम्हाला पोचायचंच असतं. वाटेत आईंसाठी दोन थांबे लागणार. म्हणजे सकाळी सातला, फार तर साडेसातला मारा सोडायला हवं. ऑगस्टमध्ये तिथे उजाडतं साडेसहाच्या पुढे. राहिली किती ड्राइव्ह? पाऊण तास.

आणि त्या पाऊण तासाची किंमत काय पडते, तेही एजंटला विचारा. जुलै ते डिसेंबर या काळात मसाई मारा रिझर्व्हचं परदेशी पर्यटकाचं तिकीट मोठ्यांना दिवसाला 200 डॉलर आहे, नऊ ते सतरा वर्षांच्या मुलांना 50 डॉलर. 2024 पासून हे तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एवढंच चालतं. पूर्वी चोवीस तास चालायचं, त्यामुळे आदल्या दिवशी दुपारी आत शिरलेल्याला दुसऱ्या दिवशीची सकाळ फुकटात मिळायची. ती सोय गेली. तुमचा कॅम्प रिझर्व्हच्या आत असेल तर निघायच्या दिवशी सकाळी 10 पर्यंत गेटबाहेर पडायचं, नाहीतर नवं तिकीट. कॅम्प गेटबाहेर असेल, आणि आपल्या लोकांच्या बजेटमधले बरेचसे कॅम्प सेकेनानी किंवा तालेक गेटच्या बाहेरच असतात, तर शेवटच्या सकाळी आत पाऊल टाकलं की चौघांचे मिळून 650 डॉलर. पाऊण तासासाठी! बऱ्याच कार्यक्रमपत्रिकांत ‘सकाळी गेम ड्राइव्ह करून नैरोबीकडे प्रस्थान’ असं एक गुळगुळीत वाक्य असतं. त्यात हे तिकीट धरलंय का, हे लेखी मागून घ्या. धरलेलं नसेल तर ती ‘गेम ड्राइव्ह’ म्हणजे कॅम्पपासून गेटपर्यंतचा रस्ता, वाटेत दिसतील ते झेब्रे.

माझा सल्ला सरळ आहे. क्रम फिरवा. अंबोसेली, मग मारा, आणि शेवटी नाकुरू-नैवाशा. माराहून निघालात की नैवाशाला साडेचार-पाच तासांत पोचता आणि त्या दिवशी उशीर झाला तरी फारतर जेवण उशिरा मिळेल. शेवटच्या दिवशी नैवाशाहून विमानतळ अडीच-तीन तासांवर.

‘मारा पाहिल्यावर बाकीचं फिकं वाटतं, म्हणून ते शेवटी’ असं सगळे सांगतात आणि त्यात तथ्य आहे. मारानंतर पुन्हा सिंह बघायला म्हणून नाकुरूला गेलात तर निराश व्हाल. पण नाकुरूत गेंडे बघायला जायचं असतं. मारात काळे गेंडे थोडे आहेत आणि दिसतीलच याची खात्री नाही. नाकुरूत पांढरे गेंडे बहुतेक वेळा सहज दिसतात, तेही जवळून. फ्लेमिंगोंचे गुलाबी किनारे मात्र जुन्या कॅलेंडरात राहिले. गेल्या दहा-पंधरा वर्षांत नाकुरू तळ्याचं पाणी खूप वाढलं, खारेपणा कमी झाला, आणि फ्लेमिंगो बरेचसे बोगोरियासारख्या दुसऱ्या तळ्यांकडे वळले. एजंटने फोटोत ते दाखवले असतील तर तेवढं मनातून काढून टाका.

नैवाशा शेवटी ठेवण्यामागे माझं आणखी एक कारण आहे. सहा दिवस गाडीत बसून माणूस आंबून जातो. मारात खाली उतरता येत नाही, टॉयलेटला जायचं तरी ड्रायव्हरने जागा बघायची. नैवाशात पायी हिंडता येतं. क्रेसेंट आयलंडवर जिराफ, झेब्रे, वॉटरबक यांच्यामधून गाईडबरोबर चालत जाता. हेल्स गेटमध्ये लेक सायकल चालवू शकते. आईंना नुसतं बोटीत बसवलं तरी फिश ईगल मासा उचलताना दिसतो. एकच पथ्य पाळा. तळ्याकाठच्या हॉटेलांत अंधार पडल्यावर पाणघोडे गवत खायला हिरवळीवर येतात. जेवून खोलीकडे जाताना पहारेकऱ्याला बोलवा, तो टॉर्च घेऊन सोडायला येतो. ‘एवढ्याशा अंतराला कशाला’ म्हणून मोबाइलच्या उजेडात निघू नका. पाणघोडा दिसायला सुस्त, पण माणसापेक्षा जोरात धावतो.

क्रम फिरवणं शक्य नसेल, बुकिंग पक्कं झालं असेल, तर दुसरा मार्ग विमानाचा. मारातल्या धावपट्टीवरून छोटं विमान नैरोबीच्या विल्सन विमानतळावर तासाभरात पोचवतं. प्रत्येकी दोनशे डॉलरच्या वर खर्च येतो, पण आईंची कंबर लक्षात घेता मी हा खर्च करीन. सकाळचं विमान घ्या. दुपारचं घेतलंत आणि ते तीन धावपट्ट्यांवर माणसं उचलत उचलत आलं, तर सहाच्या विमानाला पुन्हा तीच धावपळ. या विमानांत हातातल्या बॅगेसकट 15 किलोची मर्यादा असते आणि बॅग मऊ लागते, कडक कवचाची सुटकेस पोटात मावत नाही. आपल्याकडच्या चाकाच्या मोठ्या बॅगा ड्रायव्हर रस्त्याने घेऊन येतो. तो रिकामी गाडी परत नेणारच असतो, आधी बोलून ठेवलं की झालं. औषधं, पासपोर्ट, कॅमेरा आणि एक कपड्याचा जोड तेवढा स्वतःजवळ ठेवा.

आता बलून. शेवटच्या सकाळी नको, कधीच नको. बलून वाऱ्यावर अवलंबून. पहाटे चारच्या सुमारास उठून अंधारात तिथवर जायचं, आणि वारा नाही म्हणाला तर उड्डाण रद्द. पहिल्या किंवा दुसऱ्या सकाळी रद्द झालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जागा मिळू शकते. शेवटच्या सकाळी रद्द झालं तर पैसे परत मिळतील, पण लेकीचा चेहरा बघवणार नाही. नदी ओलांडणाऱ्या गनूंचंही (विल्डबीस्ट) तेच. ऑगस्टमध्ये कळप मारा नदीच्या आसपास असतात, पण ते काठावर येतात, धक्काबुक्की करतात, तासभर उभे राहतात आणि काहीही कारण नसताना मागे फिरतात. त्यासाठी एक पूर्ण दिवस, डबा बरोबर घेऊन, मधल्या दिवसांत राखून ठेवा. ज्यासाठी तुम्ही एवढ्या लांब आलात, ते निघायच्या दिवसावर टाकू नका.

मारातली शेवटची संध्याकाळ मात्र मला सगळ्यांत आवडते, आणि लोक तीच वाया घालवतात. होतं असं की तोवर यादीतलं एखादं नाव राहिलेलं असतं. बहुतेक वेळा बिबट्या. मग गाडीत हट्ट सुरू होतो. ड्रायव्हरच्या रेडिओवर कुठूनतरी खबर येते, गाडी पाऊण तास धुरळा उडवत पळते, पोचल्यावर झाडाभोवती गाड्यांचा गराडा आणि फांदीवरून लोंबणारं एक शेपूट. एका प्राण्यापाशी एका वेळी पाचच गाड्या, बाकीच्यांनी मागे थांबायचं, रस्ता सोडून गवतात गाडी घालायची नाही, असे नियम आहेत. ‘आमचा शेवटचा दिवस आहे हो, जरा पुढे घ्या ना’ असं आपण सहज म्हणतो. पण रेंजरने पकडलं तर दंड ड्रायव्हरला, आणि तुम्ही मुंबईत उतरता तेव्हा तो मालकासमोर उभा असतो. हा आग्रह करू नका. टीपेच्या आशेने तो नाही म्हणणार नाही, म्हणूनच करू नका.

त्यापेक्षा ड्रायव्हरला सांगा, आज काही शोधायचं नाही, चांगली जागा बघून थांबू. सहाव्या दिवसापर्यंत तुमची नजर तयार झालेली असते, तिला फक्त वेळ द्यायचा असतो. एकदा तालेकच्या बाजूला आमच्या गाडीतल्या सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, ‘ती हरणं सगळी एकाच दिशेला का बघतायत?’ टोपी जातीची सात-आठ हरणं होती. एक नर वारुळावर चढून उभा, बाकीची खाली, आणि सगळ्यांचे कान पुढे. आमच्या ड्रायव्हरने ते केव्हाच पाहिलं होतं, पण तो गप्प बसून बघत होता की पाहुण्यांच्या लक्षात येतंय का. त्याने इंजिन बंद केलं. पंधरा मिनिटं काही नाही. मग गवतात, आम्हाला वाटलं त्याच्या निम्म्या अंतरावर, एक गोल कान हलला. माशी बसली होती त्याच्यावर. पुढची वीस मिनिटं सिंहीण पोटावर सरकत होती आणि आम्हाला दिसत होता तो फक्त तिच्या पाठीचा वरचा वितभर भाग, गवताच्या रंगात मिसळलेला. वारुळावरच्या नराने नाकातून जोरात फुत्कार टाकला, कळप दहा पावलं सरकला आणि पुन्हा तिच्याकडेच तोंड करून उभा राहिला. बिंग फुटलं. सिंहीण उठली, मोठी जांभई दिली, आणि आपलं इथे काही कामच नव्हतं अशा थाटात आमच्या गाडीच्या सावलीत येऊन आडवी झाली. बाकी कुठलीही गाडी नव्हती, कारण शिकार झालीच नव्हती आणि रेडिओवर सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या बाईंनी आठ दिवसांत पाहिलेल्या सिंहांपैकी त्यांना आजही आठवते ती हीच.

त्या संध्याकाळी कॅमेऱ्याचं कार्ड बदला आणि जुनं वेगळ्या बॅगेत ठेवा. सगळे फोटो एकाच कार्डात आणि ते कॅमेऱ्यात, ही पद्धत फार महागात पडते.

टीपेबद्दल आपल्याकडे उगाच अवघडलेपण असतं. ड्रायव्हर-गाईडला, तुमच्यासारख्या एका कुटुंबाची स्वतंत्र गाडी असेल तर, सगळ्यांचे मिळून दिवसाला 20 ते 30 डॉलर हा आपल्या लोकांत रुळलेला आकडा आहे. काम मनापासून केलं असेल तर वरच्या बाजूला जा. अमेरिकन पर्यटक माणशी मोजतात आणि बरंच जास्त देतात, त्यांच्याशी बरोबरी करायला जाऊ नका. आठ दिवसांचे एकत्र पाकिटात घालून शेवटच्या सकाळी हॉटेलातून निघण्यापूर्वी, शांतपणे, हातात द्या. आईंच्या किंवा लेकीच्या हातून दिलंत तर आणखी छान. विमानतळासाठी थांबू नका. नैरोबी विमानतळाच्या आवारात शिरण्याआधी सुरक्षा तपासणीसाठी ड्रायव्हर सोडून सगळ्यांना खाली उतरवतात, पायी स्कॅनरमधून जायला लावतात, गाडी वेगळ्या रांगेतून पुढे येते. त्या गडबडीत ना धड निरोप घेता येत, ना पाकीट देता येत. कॅम्पमधल्या आचारी-वाढप्यांसाठी रिसेप्शनवर पेटी असते, त्यात टाकलं की सगळ्यांत वाटलं जातं. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या, न दुमडलेल्या न्या. जुन्या मालिकेच्या किंवा कोपरा फाटलेल्या नोटा तिथे कोणी घेत नाही, आणि टीपेत तशी नोट दिली तर ती त्या माणसाच्या गळ्यात पडते. उरलेले शिलिंग तिथेच संपवा, मुंबईत ते बदलून घेताना नाकीनऊ येतात.

खरेदीला आपले लोक शेवटच्या दिवसाची वाट बघतात आणि मग नारोक रस्त्यावरच्या दुकानात सापडतात. टॉयलेटसाठी गाडी जिथे थांबते, तिथे टॉयलेटला जायची वाट दुकानातूनच असते. पहिली किंमत तिप्पट-चौपट सांगतात. घासाघीस करायला आपल्याला कोणी शिकवायला नको, पण पैसे खर्चायचेच तर किसीच्या मऊ दगडाच्या वस्तू, मसाई लोकांची अंगावर घ्यायची लाल चौकड्यांची शुका आणि विणलेल्या कियोंडो पिशव्या यांवर खर्चा. दगडाच्या वस्तू गोंडस दिसतात आणि वजनकाट्यावर दगा देतात. लाकडी प्राणी घेताना बारीक छिद्रं आणि भुसा बघा, तो भुंगा तुमच्या घरच्या फर्निचरपर्यंत पोचू शकतो. चहा, कॉफी आणि मॅकाडेमिया नट मात्र नैरोबीच्या साध्या सुपरमार्केटमधून घ्या, विमानतळावर तेच पाकीट कितीतरी महाग मिळतं.

लेकीला आत्ताच एक गोष्ट समजावून ठेवा. पीस, हाड, शिंग, साळिंदराचा काटा, शहामृगाच्या अंड्याचं कवच, यातलं काहीही उचलायचं नाही. मुलं गिनीफाउलचं ठिपक्यांचं सुंदर पीस वहीत घालून ठेवतात. केनियात शिकारीवर 1977 पासून बंदी आहे आणि 2013 चा वन्यजीव कायदा असल्या वस्तू परवान्याशिवाय बाळगण्याच्या बाबतीत फार कडक आहे. दुकानात कोणी असलं काही ‘कागदपत्रांसकट’ देऊ लागला तरी हात लावू नका. पॅकिंगमध्ये मळके कपडे भरायला आपल्या सवयीच्या प्लास्टिक पिशव्याही नकोत. त्यांच्यावर तिथे 2017 पासून बंदी आहे, कापडी पिशव्या न्या.

विमान रात्री उशिराचं असतं तर मी तुम्हाला नैरोबीत अर्धा दिवस काढायला सांगितलं असतं. अकरा ते बारा या वेळेत शेल्ड्रिक ट्रस्टच्या अनाथालयात हत्तीची पिल्लं दूध पितात, त्यासाठी आधी बुकिंग लागतं. जवळच जिराफ सेंटर आहे. शहराला लागूनच 117 चौरस किलोमीटरचं नैरोबी नॅशनल पार्क, जिथे गेंड्याच्या मागे उंच इमारती दिसतात. सहाच्या विमानात यातलं काही बसवू नका. विमान बदलून मिळत असेल तर मात्र जरूर बघा, अकरा वर्षांच्या मुलीला हत्तीची पिल्लं कुठल्याही सिंहापेक्षा जास्त आवडतील. आणि आईंसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. चालता येत असलं तरी मागा, रांगा लांब असतात.

परतीच्या प्रवासाचा एक कागद तुम्ही विसरताय असं वाटतं, कारण प्रश्नात त्याचा उल्लेख नाही. पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड. केनियाहून भारतात परतताना ते दाखवावं लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी, आणि ती फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते. एकदा घेतली की जन्मभर चालते. साठीच्या पुढे पहिल्यांदाच ही लस घेताना गंभीर त्रासाची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून आईंच्या बाबतीत केंद्रातल्या डॉक्टरांशी आजच बोला. त्यांनी नको सांगितलं तर बेताचाच पुन्हा विचार करावा लागेल. तीन कार्डं नव्हे, चारही कार्डं पासपोर्टबरोबर हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत गेलेलं कार्ड मुंबईच्या आरोग्य काउंटरवर उपयोगाचं नाही.

मलेरियाच्या गोळ्या सहल संपली म्हणून बंद करू नका. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल दिली असेल तर परत आल्यावर आणखी सात दिवस, डॉक्सिसायक्लिन असेल तर चार आठवडे. आपले लोक विमानात बसले की पट्टी कचऱ्यात टाकतात. आणि परतल्यावर महिना-दोन महिन्यांत, किंवा त्याहूनही उशिरा, कोणालाही ताप आला, साधा वाटला तरी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि ‘आम्ही केनियाला जाऊन आलो’ हे पहिल्या वाक्यात सांगा. ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याकडे ताप म्हटला की आधी डेंग्यूच आठवतो. आफ्रिकेतला फाल्सिपेरम मलेरिया एक-दोन दिवसांत बिघडू शकतो, रक्ताची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.